सुरक्षेचा जमाखर्च

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महाराष्ट्र शासनाने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन या दोन निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमली. एक देशाचे माजी गृहसचिव, दुसरे गुप्तवार्ता क्षेत्रात आयुष्य काढलेले. डिसेंबर २००८ च्या अखेरीस नेमलेल्या या समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. चार महिन्यांत इतके काम झाले, ही आपल्याकडच्या समित्यांच्या इतिहासात नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. समितीला चौकशी आयोगाचे अधिकार नव्हते आणि केंद्रीय यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर होत्या. त्यामुळे तिने जे पाहिले ते मुख्यतः मुंबई पोलीस आणि मंत्रालय यांच्या परिघातले. गुप्तवार्ता येत होत्या, पण त्यांची छाननी करून त्या योग्य माणसापर्यंत पोचवणारी घडी नव्हती. लेखी कार्यपद्धती होती, पण त्या रात्री ती कोणी उघडली नाही. दारूगोळ्याच्या टंचाईमुळे गोळीबाराचा सराव थांबला होता.

हा दस्तऐवज मी गेल्या काही वर्षांत दोन-तीनदा वाचला तो साहित्य म्हणूनच. सरकारी अहवालाच्या गद्याचे एक वैशिष्ट्य असते: त्यात क्रियापदाला कर्ता नसतो. ‘कार्यवाही करण्यात आली नाही’, ‘निर्देश देण्यात आले होते’. प्रधान-बालचंद्रन अहवाल या सवयीतून बऱ्याच ठिकाणी बाहेर पडतो, कोणी काय करायला हवे होते ते सांगतो, आणि म्हणून तो आजही वाचनीय आहे. पण त्यात एक रकाना नाही. अमुक शस्त्र हवे, तमुक पथक हवे, अशा शिफारशींपुढे ‘यामुळे किती धोका कमी होईल, आणि तेवढ्याच पैशात दुसरे काय करता आले असते’ हा प्रश्न कुठेच येत नाही. समितीला तो विचारलाच नव्हता, हे खरे. नंतरच्या सोळा-सतरा वर्षांत दुसऱ्या कोणीही तो विचारला नाही, हे अधिक गंभीर आहे. शासनाने ज्या कृतींचा हिशेब दिला तो खरेदीचा होता: इतक्या नौका, इतकी जाकिटे, इतके कॅमेरे. वस्तू आली की सुरक्षा आली, असे हे समीकरण आहे.

असा प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर आकड्यांत काढता येते, हे दाखवणारे पुस्तक जॉन म्युलर आणि मार्क स्ट्यूअर्ट यांनी २०११ साली लिहिले: ‘टेरर, सिक्युरिटी अँड मनी’. म्युलर राज्यशास्त्राचे अभ्यासक, स्ट्यूअर्ट इमारती-पुलांच्या जोखमीचे गणित करणारे अभियंता. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या दशकात अमेरिकेने देशांतर्गत सुरक्षेवर जो जादा खर्च केला तो त्यांच्या हिशेबाने एक लाख कोटी डॉलरच्या वर जातो. त्यांची पद्धत सोपी आहे. हल्ला होण्याची शक्यता, झाल्यास होणारी हानी आणि उपायामुळे त्यात पडणारी घट यांचा गुणाकार म्हणजे लाभ. तो खर्चाशी ताडून पाहायचा. हल्ल्याची शक्यता कोणालाच ठाऊक नसते, म्हणून ते प्रश्न उलटा करतात: हा खर्च ना नफा ना तोटा या बिंदूवर येण्यासाठी वर्षाकाठी किती हल्ले टळायला हवेत? न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २०१० साली फसलेल्या मोटारबॉम्बसारखे, पण यशस्वी होऊ शकले असते असे वर्षाला १,६६७ हल्ले, म्हणजे रोज चारहून अधिक, असे त्यांचे उत्तर आहे.

याच जोडीने आधी विमानांविषयी एक हिशेब केला होता. वैमानिकाच्या कक्षाचे दार मजबूत करण्याचा खर्च एका वाचलेल्या जीवामागे सुमारे ८ लाख डॉलर, तर विमानात साध्या वेशातला सशस्त्र रक्षक बसवण्याचा खर्च एका जीवामागे सुमारे १८ कोटी डॉलर. उद्देश एकच, हल्ला तोच, आणि किमतीत सव्वादोनशे पटींचा फरक. माझ्या मते या दोघांच्या सगळ्या लेखनातले सर्वांत उपयोगी वाक्य हेच आहे. ‘सुरक्षेवर खर्च करावा की करू नये’ हा वाद त्यामुळे निरर्थक ठरतो. दार की रक्षक, एवढाच प्रश्न उरतो.

मुंबईच्या कॅमेऱ्यांना ही पट्टी लावून पाहू. प्रधान-बालचंद्रन अहवालानंतर सर्वाधिक गाजलेला प्रकल्प हाच. निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. अखेर २०१५ मध्ये काम दिले गेले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये सुमारे दीड हजार ठिकाणचे ४,७०० च्या आसपास कॅमेरे सुरू झाले. खर्च ९४९ कोटी रुपये. एका जीवाची किंमत एक कोटी रुपये धरू. हा आकडा माझा, फक्त हिशेबापुरता. कोणाला दोन कोटी धरायची असेल तर त्याने खालचे उत्तर निम्मे करावे. यंत्रणेचे आयुष्य दहा वर्षे धरू. मग वर्षाला ९५ जीव वाचले तर खर्च फिटला. २६/११ ला १६६ माणसे गेली. म्हणजे केवळ कॅमेऱ्यांमुळे दर पावणेदोन वर्षांनी एक २६/११ टळायला हवे.

कॅमेऱ्याने तसा हल्ला टळतो का? छत्रपती शिवाजी टर्मिनसवर २००८ सालीही कॅमेरे होते. त्यांनी हल्ला टिपला, ते चित्रण पुढे कसाबच्या खटल्यात पुरावा म्हणून आले, आणि त्याच आवारात त्या रात्री ५८ माणसे मेली. मरायच्या तयारीने आलेल्या माणसाला आपले चित्रण होते आहे याची भीती नसते. कॅमेरा गुन्ह्यानंतर बोलतो. तपासाला त्याचा मोठा उपयोग आहे, साखळीचोरापासून अपहरणापर्यंत. तो नाकारण्याचे कारण नाही. शिवाय याच कॅमेऱ्यांवरून मुंबईत ई-चलन सुरू झाले. राज्यात रस्ते अपघातांत दरवर्षी पंधरा हजारांच्या आसपास माणसे मरतात. तेव्हा या ९४९ कोटींचा खरा परतावा सिग्नल तोडणाऱ्याला आलेल्या चलनातून मिळत असण्याची शक्यता दहशतवादी पकडला जाण्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. पण ‘सिग्नल पाळावा म्हणून ९४९ कोटी’ असा प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे कोण मांडणार? प्रकल्प एका नावाने मंजूर होतो आणि दुसऱ्याच कारणासाठी उपयोगी पडतो. मूल्यमापन मात्र कुठल्याच नावाने होत नाही.

उलट बाजूला एक उदाहरण ठेवतो. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो त्या रात्री दिल्लीजवळच्या मानेसरहून आले. २००९ मध्ये या दलाची केंद्रे मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता येथे उघडली. असलेली माणसे जवळ आणून ठेवली. जवळपास साठ तास चाललेल्या त्या वेढ्यात वेळ हाच हानीचा गुणक होता. तो कमी करणारा हा निर्णय म्युलर-स्ट्यूअर्ट यांच्या भाषेत मजबूत दाराच्या जातीचा आहे. किनाऱ्याचे चित्र वेगळे. वेगवेगळ्या किनारी राज्यांविषयीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालांत गस्तीच्या नौका इंधन, दुरुस्ती किंवा खलाशी यांच्याअभावी उभ्या राहिल्याची निरीक्षणे आहेत. नौका खरेदी हा भांडवली खर्च, त्याचे उद्घाटन होते. डिझेलचे उद्घाटन होत नाही.

पण हे पुस्तक जसेच्या तसे इकडे आणता येत नाही. अमेरिकेत २००१ नंतर मोठे हल्ले फार थोडे झाले. मुंबईत १९९३, २००३, २००६, २००८ आणि २०११ या पाच वर्षांतल्या घटनांतच सातशेच्या आसपास माणसे गेली. धोका काल्पनिक आहे असे मुंबईकराला किंवा पुणेकराला सांगता येणार नाही. आणि तो महानगरांपुरता आहे असे आम्हा श्रीरामपूरकरांनाही म्हणता येत नाही: १ ऑगस्ट २०१२ ला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर झालेल्या स्फोटांच्या तपासात आमच्या गावाचे नाव आले होते. दुसरे असे की मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर अलीकडेही वर्षाला अडीच हजारांच्या घरात माणसे मरतात. या हिशेबाने वरचे सातशे मृत्यू रेल्वेच्या साडेतीन महिन्यांइतके. ही तुलना अनेकांना क्रूर वाटते, आणि त्यात तथ्य आहे. रूळ ओलांडताना झालेल्या मृत्यूने दंगल होत नाही, दोन देश युद्धाच्या कडेला येत नाहीत, शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहू लागत नाही. म्युलर भीतीला फार हलके लेखतात, असे मला वाटते. दहशतवादी मृत्यूला समाजाने जास्त वजन द्यावे, दुप्पट, पाचपट, दहापट. पण वजन देणे म्हणजे आकडा लिहिणे. आपण आकडाच लिहीत नाही आणि त्याला देशप्रेम म्हणतो.

हा आकडा न लिहिण्याची किंमत कोण देतो, याचे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात लागलेल्या आगीत दहा तान्ही बाळे गेली. राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. दहा महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ ला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. मरण टळण्यासाठी तिथे काय लागले असते? धूर ओळखणारी यंत्रणा, आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे, उघडणारे दार. ही ‘अंतर्गत सुरक्षा’ नव्हे, असे कोणी म्हणेल. का नव्हे? अमेरिकेने आपत्ती व्यवस्थापनाचे खाते गृहभूमी सुरक्षेच्या नव्या विभागात घातले, सारे लक्ष दहशतवादाकडे वळवले, आणि २००५ च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समध्ये त्याची फळे भोगली. तिकडे निदान त्यावर ग्रंथ निघाले. आपल्याकडे भंडारा, नाशिक, विरार, नगर या एकाच वर्षातल्या रुग्णालयांतल्या दुर्घटनांचा सुरक्षाखर्चाच्या चर्चेत उल्लेखही होत नाही, कारण शत्रू कोण ते सांगता येत नाही.

पुस्तकातली दुसरी उणीव मला अधिक खोल वाटते. खर्चाच्या बाजूला लेखक पैसे धरतात, विमानतळावरच्या रांगेत गेलेला वेळ धरतात. चुकीचा माणूस पकडला गेल्याचा खर्च त्यांच्या सूत्रात फार बारीक आहे. आपल्याकडे तोच सर्वांत मोठा असावा. टाडाखाली देशभर साठ हजारांहून अधिक लोक पकडले गेले आणि शिक्षा झालेल्यांचे प्रमाण शेकड्यात एक-दोनच्या घरात राहिले. सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या नऊ जणांपैकी बहुतेकांनी पाच वर्षे तुरुंगात काढली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा माणसे गेली. सातही आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले. त्याच्या दहाच दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले होते. खालच्या न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना फाशी दिली होती. एक जण सुटका ऐकायला जिवंत नव्हता. शासन सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, आणि त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल पूर्वोदाहरण म्हणून वापरायला मनाई केली आहे. अंतिम निर्णय काहीही होवो. खटल्यांच्या या रांगेकडे जमाखर्चाच्या नजरेने पाहिले तर एक साधी गोष्ट दिसते. पकडलेला निर्दोष असेल तर खरा गुन्हेगार मोकळा आहे. म्हणजे खर्चाच्या बाजूला एकोणीस वर्षांचे आयुष्य, आणि लाभाच्या बाजूला शून्य सुद्धा नाही, उणे. मेलेल्यांच्या घरच्यांनाही काही मिळाले नाही. लोकल स्फोटांत १८० हून अधिक कुटुंबे आहेत. एकोणीस वर्षांनी त्यांना सांगितले जाते की तुमचे माणूस कोणी मारले ते अजून ठरायचे आहे.

कायद्यांचा खर्च तर अर्थसंकल्पात दिसतच नाही. विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडतात. त्यात राज्याच्या तिजोरीवर किती भार पडेल ते असते. नागरिकावर किती पडेल, ते नसते. अमेरिकेत मोठ्या नियमांचा लाभ-व्यय मांडण्याचे बंधन १९९३ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने घातलेले आहे. ते नीट पाळले जात नाही, ही तक्रार त्या देशातलेच अभ्यासक करतात, आणि गृहभूमी सुरक्षा विभागाचे जोखीम-विश्लेषण विश्वासार्ह नाही असे तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१० मध्ये बजावले. तक्रार करायला निदान एक कागद तरी असतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०१६ मध्ये राज्याच्या अंतर्गत सुरक्षा कायद्याचा मसुदा आला होता. शंभराहून अधिक लोक जमणार असतील तर पोलिसांची पूर्वपरवानगी, न घेतल्यास तुरुंगवासापर्यंत शिक्षा, आणि खासगी आस्थापनांना कॅमेरे बसवण्याची सक्ती, अशी त्यात कलमे होती. ओरड झाली आणि शासनाने पाऊल मागे घेतले. ओरड झाली ती स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर, आणि योग्यच. हिशेबाच्या मुद्द्यावर कोणी बोलले नाही, म्हणून श्रीरामपूर तालुक्यापुरता तो इथे करतो. पन्नासेक गावे. शंभर माणसे म्हणजे आमच्याकडे गर्दी नव्हे: साखरपुड्याला त्याहून जास्त येतात, प्रवरेकाठच्या दशक्रियेला येतात, हरिनाम सप्ताहाच्या काल्याला तर मोजत नाहीत. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचा प्रश्नच नाही. गावागणिक वर्षाला वीस प्रसंग धरले, आणि हा अंदाज कंजूष आहे, तरी हजार अर्ज. प्रत्येकामागे अर्जदाराचा निम्मा दिवस गेला तर पाचशे दिवसांची मजुरी बुडाली. ठाण्यातल्या हवालदाराने हजार अर्ज वाचायचे, शेरा मारायचा, शिक्का मारायचा. त्या हजारांत घातपाती माणसाचा अर्ज किती? तो परवानगी मागायला येत नाही. लाभ जवळपास शून्य, आणि ज्या हवालदाराने रात्री गस्त घालायची तो दिवसभर दशक्रियेच्या अर्जावर सह्या करून थकलेला.

जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या. बाजूने बोलणाऱ्यांनी शहरी नक्षलवादाचा धोका सांगितला, विरोधकांनी मोघम व्याख्यांचा. माझा प्रश्न या दोघांच्या मधला आहे. बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायदा १९६७ पासून आहे, २००४, २००८, २०१२ आणि २०१९ मध्ये तो अधिकाधिक कडक झाला. १९९९ पासून राज्याचा मोक्का आहे. या दोहोंनी जे हाताळता आले नाही असे कोणते प्रकरण नव्या कायद्याने हाताळले जाईल? अशा प्रकरणांची यादी, अगदी गोपनीय ठेवूनही संख्येपुरती, मांडता आली असती. वाढीव लाभ दाखवण्याची जबाबदारी अधिकार मागणाऱ्यावर असते. साखर कारखाना विस्तारासाठी कर्ज मागतो तेव्हा बँक त्याला प्रकल्प अहवाल मागते. आमच्या भागात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता थोडे या भागाविषयी. २६/११ ला दहा जण कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले तेव्हा तिथल्या काही लोकांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाजूने बाहेर जायला सांगितले. कामा रुग्णालयात परिचारिकांनी दारे लावून घेतली. तुकाराम ओंबळे यांनी लाठीनिशी कसाबला धरला. शौर्य होते, आणि शौर्याच्या मागे लपलेली साधनांची कंगाली त्याहून मोठी होती. ओंबळ्यांच्या हातात लाठीच असावी, याचा अभिमान बाळगणे बरे नव्हे. पण या चारही प्रसंगांत एक समान धागा आहे. जागेवरच्या माणसाला काहीतरी दिसले. ते वेळेत इतरांपर्यंत पोचले की नाही, यावर पुढचे सारे ठरले.

नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या अनेक गावांत चालणारी ग्रामसुरक्षा यंत्रणा याच धाग्यावर उभी आहे. गावकऱ्यांचे मोबाइल क्रमांक नोंदवलेले असतात. रात्री मळ्यात चोर दिसला, उसात बिबट्या दिसला, आग लागली, तर कोणीही एका निःशुल्क क्रमांकावर फोन करून बोलतो आणि तोच आवाज काही क्षणांत साऱ्या गावाच्या फोनवर वाजतो. बंदूक नाही, कॅमेरा नाही, नियंत्रण कक्ष नाही. उसाच्या पट्ट्यात वस्त्या विखुरलेल्या, ठाणे लांब. अशा ठिकाणी दहा मिनिटांत शेजारी येणे ही पोलिसाच्या गाडीपेक्षा मोलाची गोष्ट. आणि निर्णय गावाचा: उपयोग वाटला नाही तर ग्रामसभेत कोणीतरी उठून तसे म्हणतो. मुंबईच्या ९४९ कोटींबाबत ही सोय कोणालाच नाही.

स्वस्त म्हणून ही दक्षता निर्दोष मात्र नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवा मोबाइलवरूनच पसरली होती. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात तिघांचे तेच झाले. अनोळखी माणूस हाच धोका, असे गावाला शिकवले की पहिला बळी पालावरचा भटका पडतो. टाडाच्या कोठडीतला निर्दोष आणि राईनपाड्यातला भिक्षेकरी हे एकाच चुकीच्या दोन किमती आहेत.

म्हणून या यंत्रणेचीही मोजणी हवी, आणि ती अवघड नाही. अशा यंत्रणेत फोन आल्याची वेळ, गाव आणि बोललेला निरोप यांची नोंद ठेवता येते. श्रीरामपूर तालुक्यातल्या दहा गावांचे एका वर्षाचे फोन घ्यावेत. बोरावके महाविद्यालयातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सत्राचा प्रकल्प म्हणून हे काम देता येईल. किती निरोप चोरीचे, किती बिबट्याचे, किती आगीचे, किती वाढदिवसाच्या शुभेच्छांचे. किती खोटे निघाले. खोट्यांपैकी कितींमध्ये कोणाला मारहाण झाली, आणि तो माणूस कोण होता. लोक किती मिनिटांत जमले. पोलीस किती वेळाने आले. गावाने किती पैसे भरले. सात रकान्यांची वही पुरेल. सातवा रकाना पैशांचा, आणि गावात तो आकडा ग्रामसेवकाकडे मिळतो.